विमानाच्या दिवशीची दही-साखर

पहिल्यांदा विमान शिकायला जाताना काय खाऊन जावं, याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. पोट रिकामं नको, टम्मही नको. तेलकट नको, तिखट नको, चने-वाटाणे तर अजिबात नको, कारण वर गेलं की पोटातली हवा फुगते. एक केळं, दोन कोरडे टोस्ट आणि घोटभर पाणी. फ्लाइंग क्लबमधल्या आमच्या सरांनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे नागपुरात खाण्यासारखं जे जे आहे ते सगळंच बाद.

आता हे उत्तर माझ्या काही कामाचं नाही. तरी ते डोक्यात फिरत राहतं आणि माझी चिडचिड होते.

आमच्या घरी ‘काय खाल्लं?’ हा प्रश्न नमस्कारासारखा होता. वडील मी लहान असतानाच गेले. आई हिंगण्याच्या एका कारखान्यात कँटीन चालवायची. सकाळच्या शिफ्टची माणसं मोटरसायकली लावून आत आली की आधी तिच्या खिडकीशी. उपाशी पोटी मशीनवर जायचं नाही, हा तिचा कायदा. कंपनीचा नव्हता, तिचा होता. कोणी उशीर झाला म्हणून न खाताच सटकला तर ती प्लेट घेऊन त्याच्या मागे पार शेडपर्यंत जायची. लोक हसायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

शाळा सुटली की मी कँटीनच्या मागच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची. डोक्यावरून विमानं खाली उतरत जायची. आई झारा वर करून म्हणायची, “इतक्या लोकाईले घेऊन जाते थो चालवणारा. त्याले सकाळी कोण खाऊ घालत असन वं?” दुसऱ्या कोणाला पंख दिसले असते, चाकं दिसली असती. आईला त्या चालवणाऱ्याचं पोट दिसायचं. मग म्हणायची, “तू चालवशीन तवा मी देईन बरं तुले खायले.” मी तेव्हाच ठरवून टाकलं, असं काही म्हणणार नाही. मोठी होऊन बुटीबोरीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायला लागले, सगळ्यांसारखी. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

मग आई विसरायला लागली. आधी मीठ दोनदा पडायचं, मग गॅस चालू राहायचा, मग माझ्या लहानपणी वारलेल्या शेजारणीला ती चहाला बोलवायला निघाली. डॉक्टरांनी फार गोड शब्दांत सांगितलं की हे पुढेच जाणार, मागे येणार नाही. मला त्या गोड शब्दांचा इतका राग आला की मी त्यांना नीट नमस्कारही केला नाही. घरी येऊन सिलिंडरचं बटण बंद ठेवायला लागले. आणि फ्लाइंग क्लबमध्ये नाव घातलं. पैशाचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही. लोकांनी मला वेड्यात काढलं. घरात हे असं, आणि बाई विमान शिकायला निघाल्या. मला वैमानिक व्हायचं होतं की नाही, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला एवढंच हवं होतं की मी उडून आले, हे आईला कळावं. तिला कळतंय तोवर मला उडायचं होतं. बाकी कशाची घाई नव्हती.

आणि नेमकं तिथेच सगळं हळूहळू चालतं. मेडिकल, कागदपत्रं, परवानग्या. ते झालं तर विमान दुरुस्तीला. विमान आलं तर ढग. ढग गेले तर हिवाळ्यातलं धुकं. मी क्लबमध्ये फोन करायची, तिकडून “पुढच्या आठवड्यात बघू” यायचं, आणि इकडे आई एकेक माणूस, एकेक खोली, एकेक शब्द सोडत चालली होती. रोज सकाळी मी तिला सांगायची, “आई, मी विमान शिकायला जाणार आहे.” रोज तिचा चेहरा उजळायचा आणि रोज ती म्हणायची, “बापा! अन् खाऊन काय जाशीन?” रोज पहिल्यांदाच.

एकदाचा फोन आला. उद्या सकाळी या. मी आईला सांगितलं. मी कामावर गेले की आईजवळ बसणाऱ्या समोरच्या काकूंना सांगितलं, त्या सकाळीच यायला तयार झाल्या. केळी आणली, टोस्टचा पुडा आणला, आणि झोपले.

सकाळी कुकरच्या शिट्टीनं जाग आली. धावतच स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी उभी. बटण तिनं स्वतः चालू केलं होतं. एका शेगडीवर चण्याची तर्री रटरटत होती, लालभडक, वर तेलाचा तवंग. दुसरीकडे पोहे परतून झाले होते. वरून ती चिरलेला सांबार भुरभुरवत होती. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

“उठली का वं? बस. आज तुह्यं विमानाचं आहे ना?”

मी खाली बसले. तर्रीसाठी चने रात्री भिजत घालावे लागतात. म्हणजे आदल्या रात्री तिला उद्या काय आहे हे माहीत होतं, आणि रात्रभर झोपून उठल्यावरही ते माहीत होतं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. मला वाटलं, डॉक्टर चुकले. मला खरंच तसं वाटलं. केळं आणि टोस्ट गेले चुलीत, मी ताटली पुढे ओढली आणि चना-पोहा बोटं चाटून खाल्ला. तिखट अगदी जिथल्या तिथे होतं.

मी हात धुवायला गेले आणि परत आले, तर ताटली पुन्हा भरलेली.

“उठली का वं? बस. उपाशी पोटी नोको जाऊ.”

‘आत्ताच दिलंस’ हे आमच्या घरात म्हणायचं नसतं. मी ते आधी एकदोनदा म्हटलं होतं. तिचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं होतं. ती वाद घालत नाही, फक्त आपल्या हातांकडे बघत राहते. त्या सकाळी ते मला नको होतं. मी दुसरी ताटली खाल्ली. केस विंचरून आले तर तिसरी. तीही खाल्ली, तर्री ओतून, कारण तर्री कमी घेतली तर तिला राग येतो. दारात काकू आल्या, त्यांच्यासमोर आईनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, “जाय आता. अन् आल्यावर मले सांग, वरतून काय दिसते तं.”

तिनं मला सांगायला सांगितलं होतं. मी स्कूटर काढली तेव्हा रडत होते, आणि ते वाईट वाटून नव्हतं.

क्लबमध्ये सरांनी पहिलाच प्रश्न केला, “काय खाऊन आलीस?”

“हलकंच,” मी म्हणाले.

दोन माणसांचं विमान. आतून रिक्षाएवढं, आवाजही तसाच. धावपट्टी सुटली आणि पोट जागच्या जागी राहिलं, बाकीची मी वर गेले. सर काहीबाही सांगत होते, मी हो-हो म्हणत होते. विमान हिंगण्याच्या अंगाला वळलं. खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसली, ओळीनं, उन्हात चमकणारी. मी आईचं कँटीन शोधलं. नक्की तेच होतं का, देव जाणे. पण एका शेडच्या मागे छोटंसं छप्पर होतं आणि त्याच्या बाजूला कडुनिंबाचं झाड, आणि मी ठरवलं की तेच. सरांनी माझे हात विमान वळवायच्या दांड्यावर ठेवले आणि आपले काढून घेतले. विमान मी धरलं होतं. जे सांगायचं होतं ते सगळं माझ्याकडे आलं होतं. आता फक्त घरी जायचं होतं.

तेवढ्यात पोटातले चने उठले. उलटीची पिशवी तोंडाशी नेईपर्यंत अर्धं सांडलं होतं. उतरल्यावर सरांनी खाली बघितलं, पिवळे पोहे, लाल तेल, अख्खे चने, आणि म्हणाले, “बेटा, याले तू हलकं म्हणतेस?” मग स्वतःच बादली आणून दिली. ज्यानं घाण केली त्यानं पुसायचं, ही तिथली रीत. मी पुसलं. मला जराही लाज वाटली नाही. मी गाणं गुणगुणत होते.

घरासमोर माणसं जमलेली. आई बाहेरच्या ओट्यावर बसलेली, हात गळ्यात बांधलेला. काकू रडत होत्या. मी गेल्यावर आईनं चौथी ताटली भरली होती. मी दिसले नाही. पोरगी न खाता गेली म्हणून ती प्लेट घेऊन माझ्या मागे निघाली. काकू आत दूध बघत होत्या. आई पार मोठ्या रस्त्यावर गेली, जिथं पूर्वी कंपनीची बस थांबायची तिथं, आणि एका मोटरसायकलच्या धक्क्यानं पडली. प्लेट सोडली नाही म्हणून मनगट मोडलं, असं ज्यानं उचललं तो सांगत होता.

“मले नाही जमत आता,” काकू म्हणाल्या. “कमी-जास्त झालं तर मी काय तोंड दाखवू वं तुले?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तरी मी त्यांच्यावर ओरडले.

मग आईसमोर बसले. “आई, मी उडून आले. वरून तुझं कँटीन दिसलं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. ओळखीचं हसली.

“बापा! अन् खाऊन काय जाशीन?”

तो पहिला धडा आणि तोच शेवटचा. एकदोन बायका ठेवून बघितल्या, कोणी टिकली नाही. नोकरीही सुटली. घरी बसून करण्यासारखी हिशेबाची कामं घेते. क्लबमधून बरेच दिवस फोन येत राहिले. मग तेही थांबले.

आईचं मात्र त्या सकाळीच अडकलं. बाकी सगळं गेलं, माझं नाव गेलं, वडील गेले, हिंगणा गेलं, आणि तेवढीच एक सकाळ राहिली. गॅस मी कुलपात ठेवला म्हणून पोहे नाहीत. पण रोज उठली की फ्रिजमधलं दही काढायची, साखर घालायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. “जाय. आज तुह्यं विमानाचं आहे ना?” मी दही चाटून चप्पल घालायची, बाहेर जाऊन फाटकाशी उभी राहायची. भाजीवाल्याची गाडी जायची, शाळेच्या रिक्षा जायच्या. कधी डोक्यावरून विमान जायचं, मी वर बघायची नाही. जरा वेळानं आत यायची. ती विचारायची, “वरतून काय दिसते वं?” मी सांगायची. छप्पर, कडुनिंब, सगळं. ती ऐकायची आणि “बापा!” म्हणायची.

मला ते सहन होत नव्हतं. खोटं खोटं निघायचं, खोटं खोटं यायचं. कधी कधी तिच्यावर खेकसायची, “नाही जात मी कुठं!” ती घाबरायची. मग मी चप्पल घालून फाटकाशी जायची.

या पावसाळ्यात तेही विरायला लागलं. कधी दही काढायची आणि साखर विसरायची. कधी फ्रिज उघडून तशीच उभी. मग मीच वाटी भरून तिच्या हातात द्यायला लागले आणि समोर तळहात धरायला लागले. ज्याचा इतका जाच वाटायचा, ते चालू राहावं म्हणून मीच धडपडत होते.

परवा मी असाच हात पुढे केला. तिनं वाटीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. हा हात कशासाठी आहे, ते तिला कळेना. मी म्हणाले, “आई, आज माझं विमानाचं आहे ना?” दही-साखर तिनं आपल्याच तळहातावर घेतली, चाटून खाल्ली, हात पदराला पुसला.

“येतो वं मी,” म्हणाली, आणि खुर्चीतच बसून राहिली.

दही-साखर जाणाऱ्याला देतात, हे मला तिनंच शिकवलं होतं.

“जाऊ नोको ना, आई.”

“काहून?” तिनं विचारलं.