गणपतने बसवलेलं लाकूड

सन २०२४. माझं वय चौऱ्याहत्तर. शिक्षण चौथी. पायदळातून नाईक म्हणून पेन्शनीत आलो, आता नाशिक रोडला राहतो. लिहिण्यात चुका असतील, माहितीत नाहीत.

माझ्याकडे बारा बोरची दुनळी बंदूक आहे, शिकारीची. माझ्या बापाची नाही. माझ्या सेक्शनमधला शिपाई गणपत, नांदगावकडचा, त्याच्या वडिलांची. मी तिच्यातून एकही काडतूस उडवलेलं नाही. दर रविवारी सकाळी आठला तेल आणि पॉलिश पेपर घेऊन बसतो, साडेनऊला उठतो.

एकाहत्तर साली मी एकवीसचा, गणपत बावीसचा. हत्यार पुसायला प्रत्येकाकडे फलालीनची चिंधी असायची. माझ्या चिंधीवर मी लाल दोऱ्याने माझ्या नंबरचे शेवटचे आकडे शिवले होते, ४१७. ऑगस्टात इन्स्पेक्शनच्या दिवशी ती गायब. हवालदार साहेबांनी तीन दिवस पिठ्ठू लावला. पाठीवर वजन घेऊन ग्राउंडला चकरा.

"गण्या, तूच घेतली."

"आईची आन, नाय घेतली. तुझी घाण चिंधी कोण चोरंल रे?"

मग तो सुट्टीवर गेला. घरच्या बंदुकीचं नळीखालचं पुढचं लाकूड तडकलं होतं. त्याने शिसवाचं नवं घडवून बसवलं. परत आल्यावर आठवडाभर दुसरं बोलणं नाही.

डिसेंबरात आम्ही पश्चिमेच्या बॉर्डरवर. पहाटे पाच चाळीसला माझ्या एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या मॅगझिन संपत आल्या. वायरलेस सेटवर मागे कळवलं.

"अम्युनिशन भेजो. ओव्हर."

"आदमी नहीं है. खुद ले जाओ. ओव्हर."

गणपत उठला. "तू गन सोडू नको. आलोच मी."

पाच पन्नासला मागच्या वाटेवर शेल पडला. पाच पंचावन्नला मॅगझिनची पेटी आली. आणणारा दुसरा होता.

लढाईनंतर त्याची ट्रंक घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, ट्रंक आत नेली. निघताना बंदूक दाखवली. म्हणाले, "कागद करू. ही तू सांभाळ. त्याने बसवलेलं लाकूड तेवढं काढू नको." पुढे परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. लाकूड मी काढलं नाही.

यंदा परवान्याचं नूतनीकरण होतं. बंदूक ठाण्यात नेली. तिथल्या हवालदार मॅडमनी उलटीपालटी करून पाहिली.

"काका, नंबर कुठंय?"

"नळीखाली. चमक बघा."

"चमक दिसते, नंबर दिसत नाही. घासून घालवलात तुम्ही."

मी म्हणालो, बंदूक घाण ठेवणारे शिपाई वेगळे. त्या हसल्या नाहीत.

"नंबर जुळला नाही तर बंदूक जमा करावी लागेल. जुन्या दुनळीला पुढच्या लाकडाखाली पण नंबर असतो. उघडून उद्या अकराला आणा."

"ते लाकूड निघणार नाही."

"मग बंदूक जाईल, काका."

घरी आलो. जेवलो नाही. बायको म्हणाली, "तिला जेवढं तेल पाजलं तेवढं माझ्या गुडघ्यांना लावलं असतं तर मी डोंगर चढले असते. उघडा की आता."

"तात्यांना शब्द दिलाय."

"बंदूकच गेली तर शब्द कुठं टांगणार?"

 चार वाजून दहा मिनिटांनी स्क्रू फिरवला. लाकूड निघालं. नंबर खाली ठळक होता, माझा हात तिथं कधी पोचलाच नव्हता. लाकूड किंचित सैल झालं असावं, म्हणून गणपतने फटीत कापडाची घडी दाबली होती. तेलाने काळी पडलेली. मी ती उलगडली. कोपऱ्यात दोरा. आकडे हाताला लागले, ४१७.

"काय निघालं हो?"

"चोर सापडला," मी म्हणालो आणि हात धुवायला मोरीत गेलो. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बंदूक, सुटं लाकूड आणि चिंधी घेऊन ठाण्यात हजर झालो. नंबर जुळला. मॅडमनी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि टेबलावरची चिंधी पेनाने उचलली.

"ही टाकून देऊ?"

"नको. गणपतची आहे."

त्यांच्यासमोर घडी होती तशी घातली, लाकूड बसवलं आणि स्क्रू आवळला.