वायरलेसवाल्या भाऊंचं कार्ड

जगात कुठलीही वस्तू बिघडत नाही, तिला फक्त पुरेशी हाक मारलेली नसते, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला भेटला, आणि नेमका तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आलापल्लीत आम्ही सगळे त्यांना वायरलेसवाले भाऊ म्हणतो. वनखात्याच्या बिनतारी संचावर त्यांची हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी संच सरकारजमा झाला, भाऊ मात्र अजून ड्यूटीवरच आहेत. किराणा दुकानदाराला फोनवर "साखर दोन किलो, ओव्हर" असं सांगून ते उत्तराची वाट बघतात आणि तो बिचारा आणखी काही हवं असेल म्हणून त्यांची वाट बघतो. नोंदवही आजही चालू आहे : सहा दहा, दूध आलं, सहा चाळीस, दूध नासलं, सहा बेचाळीस, बाईंना कळवलं. कळवलं म्हणजे खुणेनं, कारण बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गेली काही वर्षं अजिबात ऐकू येत नाही.

घरातल्या घरात खुणेनं भागतं, पण लेक बंगळूरला नर्स आहे आणि दोन वर्षांत तिला घरी येता आलेलं नाही. तिनं जाताना आपला जुना लॅपटॉप इथं ठेवला. दर रविवारी सकाळी त्याच्या मोठ्या पडद्यावर बाई लेकीचे ओठ वाचतात. मायलेकींना बोलायला दुसरं साधन नाही. भाऊंचा फोन बटणांचा. या लॅपटॉपच्या पोटातच इंटरनेटचं कार्ड आहे, सिम बॅटरीखाली बसतं, आणि भाऊंना त्याचा फार अभिमान. मी माझ्या मोबाईलवरून नेट देऊ केलं की म्हणत, "आपल्या आंगनात विहीर असून शेजाऱ्याच्या घरचं पानी काऊन भराचं, मास्तर?"

एका रविवारी ती विहीर आटली. पडद्यावर एकच ओळ, नेटवर्क नाही. शाळेत संगणक शिकवतो म्हणून मला बोलावणं आलं, पण माझ्या हाती फक्त टॉर्च दिला गेला. भाऊंनी खालचं झाकण उघडलं, कार्डाचे पिवळे दात खोडरबरानं घासले, अँटेनाच्या दोन बारीक वायरी काढून पुन्हा दाबून बसवल्या, सिम पुसून घातलं. शेवटी मला परवानगी मिळाली तेव्हा मी ड्रायव्हर काढून नव्यानं टाकला. लॅपटॉपचं म्हणणं, कार्ड उत्तम चालू आहे. नेटवर्क मात्र नाही. पुढच्या रविवारी हाच सगळा कार्यक्रम स्लॅबवर झाला, उंची मिळावी म्हणून. बाई खाली चांगलं पातळ नेसून खुर्चीत बसून राहिल्या आणि दुपारी ते बदलून स्वयंपाकाला लागल्या. मला ते बघवेना. मी पुन्हा मोबाईल पुढे केला.

"थांबा जी," भाऊ म्हणाले. "स्टेशन बंद कराचं असलं तर ते आधी सांगते. न सांगता गप झालं, म्हनजे तिकडं कोनीतरी अडचनीत हाये. आपन हाक देत राहाची."

हा हट्ट वाऱ्यावरचा नव्हता. एका पावसाळ्यात नदीपलीकडच्या नाक्यावरचा वनरक्षक असाच गप्प झाला होता. बॅटरी संपली असेल म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं. भाऊ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हाक देत बसले आणि अखेर उत्तर आलं. पुरात तो संच पोटाशी धरून छपरावर चढला होता. अशा माणसाला 'आता राहू द्या' हे कुठल्या तोंडानं सांगायचं, मला कळेना.

तिसऱ्या रविवारी मी मुकाट्यानं सिमच्या कंपनीला फोन लावला. भरपूर संगीत ऐकवून झाल्यावर तिकडून कळलं, की आमच्या भागातलं थ्री-जी बंद झालं आहे. भाऊंच्या जुन्या कार्डाला तर तेवढंच समजत होतं. कार्ड धडधाकट होतं. ते ज्याला हाक मारत होतं, तोच उठून गेला होता.

मी भाऊंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सांगाले पायजे होतं," एवढंच म्हणाले. मग वहीत वेळ घालून लिहिलं : स्टेशन बंद, पूर्वसूचना नाही. वही मिटून म्हणाले, "लावा तुमचा मोबाईल. बिचारी तीन हप्त्यापासून वाट पाहून राह्यली."

पडद्यावर लेक आली. बाईंनी आधी तिला बारीक झाल्याबद्दल पोटभर रागावून घेतलं. आजवर दर रविवारी भाऊ पडद्यामागे उभे असायचे, लॅपटॉप खिडकीकडे तिरका धरून, हललं तर सिग्नल जाईल म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत. आज धरायला काही नव्हतं. बाईंनी हाताला धरून त्यांना शेजारी बसवलं. लेक बघतच राहिली.

"बाबा, तुमचे केस कवा पिकले?"

अख्ख्या जंगलाला आवाज देणाऱ्या त्या माणसाचे ओठ हलले, पण आवाज काही बाहेर पडेना. मला वाटलं, आता मीच काहीतरी बोलावं. तेवढ्यात बाईंनी वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लेकीला सांगितलं, "तुले घरी ये म्हनून राह्यले."

मी मोबाईल तिथंच टेबलावर ठेवला आणि घरी आलो.