उसाच्या पानाखाली

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा जमेल तसं लिहितो.

सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. कागलकडच्या आमच्या रानात ऊस छातीएवढा होऊन थांबला. वैरण नव्हती. शेजारच्या गावात ऊसतोड चालू होती, तिथून बायकोनं म्हशीसाठी वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा डोक्यावरून आणला आणि आमच्या बांधावर टेकवला. पानांखाली पांढरी लोकर चिकटलेली. तिच्या लुगड्यालाही लागलेली. लोकरी मावा होता तो.

पंधरा दिवसांत आमचा ऊस खालून पांढरा, वरून काळा चिकट झाला. ऊस आधीच तहानलेला, त्यात ही कीड त्याचा रस ओढायची. पावसाचा मारा नाही, मग तिला कोण हटकणार?

माणसं बांधावर जमली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "हिनंच आणली ही पीडा. डोक्यावर मिरवत आणली!"

शेजारी म्हणाला, "वयनी, म्हशीपायी मालकाचा ऊस घालवलासा की!"

सगळे हसले. ती म्हणाली, "मग म्हस उपाशी मारू व्हय?"

त्यानंतर रोज एकटी पानं काढायची, पोत्यात भरून जाळायची. हातभर चिरा पडायच्या. मी बांधावर बसून बघायचो.

ऊस तुटला, तरी त्याच्या बुडख्यातून फुटलेल्या खोडव्यावर मावा उरलाच. पुढच्या पावसाळ्यात मात्र आभाळ फाटलं. उघडीप म्हणून नाही. सऱ्यांत पाणी तुंबलं. ती भिजत गेली, पानं उलटून आली.

"अवो, धुऊन गेला की मावा! आता तरी माझ्या डोक्यावरला भारा उतरवा."

मी म्हणालो, "पावसानं न्हेला. आणला तूच."

त्याच पावसात तिला ताप भरला. रस्त्यावर पाणी, दवाखाना पलीकडं. गेली.

आता खरं लिहितो. तिचा भारा यायच्या आठ दिवस आधी मी आमच्याच उसाचं पान उलटलं होतं. खाली पांढरे ठिपके होते. बोटानं पुसले, बोट चिकटलं. मी गप्प बसलो. लोक मला हसतील म्हणून त्यांना तिच्यावर हसू दिलं.

वर्षश्राद्धाला लेकीला हे सांगितलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "आईला म्हाईत हुतं, आबा. तुमी बोट धोतराला पुसताना तिनं बघितलं हुतं."

"मग बोलली का न्हाय?"

"म्हणायची, त्यांचं ते सांगतील की कवातरी."