दोराचं खालचं टोक

वादळ येऊन गेलं की माकडकाकाच्या फोनला उसंत नसते. हा माणूस झाडं तोडतो, आणि फांद्यांवर असा वावरतो की पोरांनी त्याचं हेच नाव पाडलंय. मोकळ्या मैदानातलं झाड कुणीही पाडेल हो, त्यात कसली मर्दुमकी! खरा कस लागतो दोन घरांमधल्या बोळात. तिथे क्रेन शिरत नाही, झाड आडवं पाडायला जागा नसते. मग एकेक फांदी दोराला बांधून कापायची आणि अलगद उतरवायची. वरचा कापतो, खालचा दोर सोडत जातो. सगळी भिस्त खालच्यावर, आणि नाव मात्र वरच्याचं.

त्याच्या खाली बायको असायची. खांबाला दोराचा वेढा देऊन, पदर खोचून, मान वर करून उभी. करवतीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघांचं बोलणं दोरावरून चालायचं. एक झटका म्हणजे धर, दोन म्हणजे सोड. फांदी जमिनीला टेकली की ती खालून हलकेच एक हिसका द्यायची. फांदी पोचली, तू बरा आहेस ना, असं दोन्ही त्यात आलं. घरी मात्र दोघंही मुलखाचे घुमे. पोरगी म्हणायची, "जेवतानाही दोर देऊ का तुम्हाला?"

गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बायको गेली. तेव्हापासून पोरीने फोनवर एकच धोशा लावलाय. "बाबा, पुरे झालं चढणं. माझ्याकडे या राहायला. खाली कोण असतं तुमच्या?"

"आहे गं एक जण. भरवशाचा आहे."

साफ खोटं! ठेवून पाहिली होती त्याने माणसं. कुणी मोबाइलमध्ये डोकं घालायचं, कुणी दोर टाकून चहाला पसार. शेवटी त्याने नाद सोडला. आता तो दोर खांबाला गच्च बांधतो, फांदीचा हातभर तुकडा कापतो, तो लोंबकळत ठेवून खाली उतरतो, सोडवतो आणि पुन्हा चढतो. दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. घरी आल्यावर कुलूप उघडतानाही त्याला वाटतं, आत कुणी असतं तर बरं झालं असतं.

या वादळात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची निलगिरी फाटली आणि एक थोराड फांदी थेट त्यांच्या स्वयंपाकघरावर ओणवी झाली. बाई एकट्याच राहायच्या. "पुढच्या खोलीत बसा," असं बजावून, फाटकाच्या खांबाला दोर बांधून काका वर चढला.

वर गेल्यावर हाताला जुनी लय सापडली. वारा पडला होता, ओल्या लाकडाचा वास येत होता. काय झालं कोण जाणे, तुकडे करायचं सोडून त्याने अख्ख्या फांदीला दोर बांधला, पूर्वी बांधायचा तसाच. अर्धं कापून झाल्यावर दोराला दोन झटके दिले आणि थांबला. दोर सैल होईना.

"सोड की गं! झोपलीस का?" तो हसत पुटपुटला आणि करवत चालवली.

फांदी कडाडून सुटली. बांधलेला दोर ताणला गेला, आणि फांदी झोक्यासारखी जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीवर आदळली. काचांचा खळखळाट झाला. आतून किंकाळी आली.

"ताई! ताई, लागलं का हो?"

बाई धावत बाहेर आल्या. गॅस बंद करायला म्हणून त्या नेमक्या तेव्हाच आत गेल्या होत्या. केसांत काचा होत्या, पण जीव वाचला होता. त्या कडाडल्या, "खाली दोर कुणी धरलाय? डोळे फुटलेत का त्याचे?"

"बायको आहे माझी," तो बोलून गेला.

बाईंनी वळून पाहिलं. फाटकाचा खांब, त्याला गाठ. बाकी अंगणात चिटपाखरू नव्हतं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "उतरा दादा," त्या म्हणाल्या, "सावकाश उतरा."

तो उतरला. गाठ सोडून फांदी त्याने हळूहळू जमिनीला टेकवली. मग तो खांबाला टेकून बसला. बाईंनी पाणी दिलं. तेवढ्यात पोरीचा फोन.

"बाबा, झालं का काम? खाली होता ना तुमचा माणूस?"

त्याने हातातल्या दोराकडे पाहिलं.

"कुणी नाही गं खाली. आई गेल्यापासून कुणीच नाही," तो म्हणाला. "मला न्यायला ये."