आखूड किलोमीटर

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाल्यावर आमच्या खात्याला माझी आठवण झाली. खातं रस्त्यांचं. मी तिथं नकाशे काढायचो. मानचित्रकार म्हणून लागलो आणि मानचित्रकार म्हणूनच बाहेर पडलो. खात्याची एक स्मरणिका निघणार होती आणि तिच्यासाठी 'आपल्या भागातल्या रस्त्यांचा इतिहास' हवा होता. यादीत माझ्या वरती चार नावं होती, ती चारही माणसं वारलेली निघाली, म्हणून गाडी माझ्यापर्यंत आली. हे मला नंतर कळलं.

बोलवायला आलेली इंजिनियर मुलगी आमच्या लश्कर भागातल्याच एका मराठी घरातली, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. दाना ओली गल्लीतला माझा अंधारा जिना चढून धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "काका, दस-पंधरा पानं लिहून द्या ना. महिन्याभरात झालं तरी चलेगा."

"महिन्याभरात?" मी म्हटलं. "संस्थानापासूनचा इतिहास आहे हा. घाईनं खरडायला काय रजेचा अर्ज आहे?"

खरं सांगायचं तर पंधरा पानं मी पंधरा दिवसांत लिहिली असती. पण ती पुढं म्हणाली, "जुनं रेकॉर्ड बघायला ऑफिसात येऊन बसा, खिडकीपाशी टेबल-खुर्ची देते." तिथंच मी फितूर झालो.

बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगी बंगलोरला असते, रविवारी न चुकता फोन करते. सोमवार ते शनिवार मी काय करतो हे विचारणारं कुणी नव्हतं आणि विचारलं असतं तरी सांगण्यासारखं काही नव्हतं. वर्तमानपत्र दोनदा वाचायचो. दुपारी घरात माझ्या चपलांखेरीज कशाचा आवाज नसायचा. कधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा यायचा आणि ध्यानात यायचं की आज दिवसभरात आपण बोललेला हा पहिला शब्द. तेव्हा मला ती खुर्ची इतिहासापेक्षा मोलाची होती. इतिहास संपला की खुर्ची गेली, हे पहिल्याच दिवशी कळत होतं. म्हणून तो लवकर संपवायचाच नाही, असं मी ठरवून टाकलं.

सकाळी उठून दोन पोळ्या करायच्या. जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे माझी पोळीही जिल्ह्याच्या आकाराची होते. त्या बायकोच्या स्टीलच्या डब्यात भरायच्या, पडाव नाक्यापर्यंत टेम्पोनं जायचं आणि पुढं पायी. संस्थानाच्या काळावर मी सहा आठवडे काढले. सडकेच्या कडेच्या एकेका झाडाची नोंद असलेली वही सापडली, तिच्यात आठ दिवस गेले. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत आला, त्याचा मध्य प्रदेश झाला. दर वेळी पाट्या बदलल्या, शिक्के बदलले आणि महत्त्वाचे कागद भोपाळला गेले. बिनमहत्त्वाचे आमच्याकडे राहिले, माझ्यासारखे. रस्ता राखणाऱ्या मजुरांच्या गँगा कशा होत्या ते लिहिलं. प्रत्येक गँगला दहा-बारा किलोमीटरचा तुकडा नेमून दिलेला. कुठल्या मोरीखाली पाणी तुंबतं हे त्यांच्या मेटला, म्हणजे मुकादमाला, तोंडपाठ असायचं. ती माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, रस्ते ठेकेदारांकडे गेले. हेही लिहून झालं.

इंजिनियर मुलगी येता-जाता टेबलापाशी थांबायची. "काका, कुठपर्यंत आलं?"

"मैलांचे किलोमीटर झाले, तिथवर."

"अरे बाप रे! परवा पण वहीं थे ना तुम्ही?"

"मैल लांब असतो, बाई."

ती हसायची आणि चहा सांगायची. दिवसातलं तेवढं बोलणं मला पुरायचं. घरी जाताना ते मनात पुन्हा एकदा बोलून घ्यायचो.

शेवटी एकच प्रकरण उरलं, आखूड किलोमीटरचं. ते मी मुद्दाम मागं ठेवलं होतं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी भितरवारच्या बाजूचं एक मोठं वळण काढून रस्ता सरळ केला होता. त्यामुळे अंतर साडेतीनशे मीटरनं कमी झालं. नवा नकाशा माझ्याकडे आला. मी हौशी माणूस. वळणाच्या पुढचे सगळे किलोमीटरचे दगड मी कागदावर साडेतीनशे मीटर पुढं सरकवले आणि नकाशा अगदी नेटका करून ठेवला. आमचे जुने ओव्हरसियर तो बघून कपाळाला हात लावून बसले. पुढच्या सगळ्या मोऱ्या, पूल, झाडं, गँगांच्या हद्दी दगडांच्या हिशेबानं वह्यांमध्ये लिहिलेल्या. दगड हलले की पन्नास वह्या खोट्या ठरणार. ते म्हणाले, "अरे भल्या माणसा, जे कमी आलं ते एकट्याच्या पदरात टाकायचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही." म्हणजे वळणावरचा तो एक किलोमीटर साडेसहाशे मीटरचा ठेवायचा, वहीत तशी टीप लिहायची आणि पुढचे सगळे होते तसे राहू द्यायचे. खात्याची ही रीतच होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सगळं एकट्यानंच सोसायचं? बिचारा!" पुढं आम्ही त्या रस्त्यानं बसमधून जायचो तेव्हा ती मला कोपरानं ढोसायची. "अहो, आला बघा तुमचा आखूड."

ती गेल्यावर मला त्या दगडाची फार आठवण यायची. मुलीचं घर, शेजारपाजार, सराफ्यातली दिवाळीची गर्दी, सगळं पहिल्यासारखं पुऱ्या मापाचं चाललं होतं. जे कमी झालं ते माझ्या एकट्याच्या पदरात आलं होतं. याचा मला रागही यायचा. कुणावर, ते माहीत नाही.

तर त्या वळणाची वही शोधायला मी एका दुपारी मागचं कपाट उघडलं. वही सापडली नाही. सुतळीनं बांधलेला स्मरणिकांचा गठ्ठा सापडला. छापून दोन महिने झालेल्या. इतिहास त्यात होता, एका पानाचा, कुठून तरी उतरवलेला.

माझे कान तापले. म्हणजे गेले दोन महिने ही मुलगी रोज "कुठपर्यंत आलं?" विचारत होती ती माझी समजूत घालायला? लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशी मला खुर्ची दिली होती? डबा न उघडताच मी घरी आलो. संध्याकाळपर्यंत नुसता धुमसत होतो. मग हळूहळू लाज वाटायला लागली. ती दोन महिने खोटं बोलत होती, मी पाच महिने.

रात्री जागून लिहीत बसायची गरजच नव्हती, बाकी सगळं लिहून तयार होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून आखूड किलोमीटरचं पान तेवढं लिहिलं आणि दुपारी लिहिलेल्या पानांचा सगळा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. वर एक स्मरणिकाही ठेवली.

तिचा चेहरा पडला. "काका, मैं बताने वाली थी... मग वाटलं, तुम्ही येता तर येऊ दे."

"माझंही कधीच लिहून झालं होतं," मी म्हटलं.

मग तिनं शेवटचं पान उचललं आणि उभ्या उभ्याच वाचलं. परत पहिल्या ओळीपासून वाचलं.

"हे तर आम्हाला किसी ने बताया ही नहीं," ती म्हणाली. "मशिनची मोजणी आली ना, त्यात हा किलोमीटर गलत दिखता है. मी पुढचे सगळे दगड सरकवायचा प्रस्ताव टाइप करून ठेवलाय. परसों जाणार होता."

"मीही हेच केलं होतं."

"मग आता?"

"एकट्याच्या पदरात टाक. बाकीच्यांना हात लावू नकोस."

तिनं तो प्रस्ताव माझ्यासमोर फाडला. मी उठलो. ती फाटकापर्यंत सोडायला आली. येत जा असं तोंडदेखलं म्हणाली नाही, ते बरं केलं.

घरी पोचलो आणि लक्षात आलं, डबा टेबलाच्या खणात राहिला. तेवढ्यात तिचाच फोन. "काका, तुमचा डबा रह गया. पाठवून देऊ?"

"नको नको," मी घाईघाईनं म्हटलं, "मीच येऊन नेईन."

"कब?"

"उद्या."

याला आज नऊ दिवस झाले. रोज अकराच्या सुमारास तिचा फोन येतो. "काका, डबा?" मी उद्या म्हणतो. मग ती आज जेवायला काय केलंत विचारते, कुठल्या तरी पुलाबद्दल विचारते. डबा पाठवते असं ती आता म्हणत नाही. बायकोचा डबा आहे, माझा जीव आहे त्याच्यात. पण तो घरी आला की तिला विचारायला काही उरणार नाही, म्हणून अजून आणलेला नाही.