इकामा दाखवून मत द्यायला गेले तेव्हा

सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी एकदाही मत दिलं नव्हतं. विसाव्या वर्षी लग्न करून रियाधला आले, तोवर यादीत माझं नाव घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला टीव्हीसमोर बसून पुढाऱ्यांना शिव्या घालायच्या, एवढंच माझं राजकारण. एकदा आमचे हे म्हणाले, "मत देत नाहीस, मग तोंड कशाला वाजवतेस?" डोकंच फिरलं माझं. ठरवलं, या खेपेला द्यायचंच.

यांचं म्हणणं, पोस्टाने देता येईल. लेक पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, ऑनलाइन कर दो ना." शेजारणीने तर दूतावासात मतपेटी ठेवतात असं छातीठोक सांगितलं. चौकशी केली, तर सगळ्या थापा. आमच्यासारख्यांना पोस्ट नाही, दूतावास नाही, दोन दिवस आधी उरकून टाकणं नाही. परदेशातल्या मतदारांचा वेगळा अर्ज भरायचा, म्हणजे पासपोर्टवरच्या पत्त्याच्या गावी नाव लागतं. आणि मतदानाच्या दिवशी तिथे स्वतः जाऊन उभं राहायचं.

"बोटभर शाईसाठी विमानाचं तिकीट?" हे म्हणाले.

"तुमच्या मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला गेलो, तेव्हा नाही विचारलंत."

यांनी लगेच मोबाइलवर माझा जाण्या-येण्याचा व्हिसा काढला. तो त्यांनीच काढावा लागतो, कारण इथल्या कागदोपत्री मी त्यांच्या आधारावर राहते. बँक असो की दवाखाना, खिडकीतला माणूस माझं ओळखपत्र, म्हणजे इकामा बघतो आणि लगेच यांचा नंबर विचारतो. सव्वीस वर्षं हेच. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सांगत आले. वाटतं. एक गोष्ट तरी मला माझ्या एकटीच्या नावावर करायची होती.

विमानात मी वेड्यासारखी आपली आपण हसत होते. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी पोचले, तर सासूबाईंनी पासपोर्ट माझ्या हातातून काढून घेतला, ट्रंकेत टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रियाधलाही पासपोर्ट कपाटात राहतो आणि बाहेर पडताना पर्समध्ये फक्त इकामा असतो.

मतदानाच्या दिवशी पाहुण्यांच्या चहापाण्यातच पाच वाजले. मग आम्ही दोघी नव्या साड्या नेसून शाळेत रांगेला लागलो. टेबलाशी पोचल्यावर मी ऐटीत पर्स उघडली आणि इकामा पुढे केला. अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"ताई, हे काय आहे?"

"इकामा," मी म्हटलं, जणू त्याच्याकडे दिवसभर इकामेच येत होते.

"तुम्हाला मूळ पासपोर्ट लागतो. सहाच्या आत आणा."

घड्याळात साडेपाच झालेले. सासूबाईंनी रांगेतच कमरेची किल्ली काढली.

"धाव गो. तू येयसर गेट कोण लावता ता मी बघतंय."

साडी खोचून, चपला हातात घेऊन मी पाणंदीतून पळत सुटले. मोठेपणी मी अशी धावलेच नव्हते. धाप लागली होती, रडू फुटेल असं वाटत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. ट्रंकेत तीन गोधड्यांखाली पासपोर्ट सापडला. परत आले, तर सासूबाई मत देऊन फाटकाच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि पोलीस बिचारा बाजूला उभा. सहाला सात मिनिटं होती.

अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, यादीवर बोट फिरवलं आणि माझं नाव खणखणीत वाचलं. मी तशीच उभी. यांचा नंबर माझ्या ओठांवर तयार होता.

"आणखी काय सांगू?" मी विचारलं.

"काही नाही. डावा हात पुढे करा."

रियाधच्या विमानतळावर हे घ्यायला आले. मी बॅगेच्या आधी बोट पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरून नीट पाहिलं.

"कोणाला दिलंस?"

"ते कोणाला सांगायचं नसतं."

घर येईपर्यंत त्यांनी चारदा विचारलं. मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.