सर्व्हरमामा आणि साहेबांचा खोकला

माझ्या मामाला कॉलेजात सगळे 'सर्व्हरमामा' म्हणत. ऑफिसचं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर चाले, ते तो सांभाळायचा. मशीनला थंडावा लागतो म्हणून अख्ख्या इमारतीत एसी फक्त त्याच्या खोलीत. मशीन थंड राहायचं की नाही देव जाणे, मामा मात्र शाल पांघरून घोरायचा.

त्याची खरी कामगिरी वेगळीच होती. कुणाचं काम टाळायचं असलं की प्राचार्य फोनवर नुसते खोकायचे. मामा उठून खोलीबाहेरच्या बोर्डावरचा खटका पाडायचा आणि खिडकीवर जाऊन सांगायचा, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या." इतक्या इमानाने बेइमानी करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मग सगळं क्लाउडवर गेलं. म्हणजे मशीन लांबच्या कुठल्यातरी कंपनीचं, मामाच्या खटक्याला ते भीक घालेना. रिकामी झालेली थंडगार खोली प्राचार्यांनी बळकावली आणि मामाची रवानगी दाखल्यांच्या खिडकीवर झाली. त्याला जेवण जाईना.

"लोक शिव्या घालतील गं," तो मामीला म्हणाला.

"मग त्यांची कामं करा. सवय नाही, पण जमेल."

पहिल्याच सकाळी एक बाई आली. लेकीला दुसऱ्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तिथे हे कॉलेज सोडल्याचा दाखला द्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती. हुशार मुलगी हातची जाऊ नये म्हणून प्राचार्यांनी बाईला कितीतरी हेलपाटे घालायला लावले होते. मामाने फोन लावला. पलीकडून खोकला आला.

जित्याची खोड! मामा धावत गेला आणि त्याने खटका पाडला. खोलीतला एसी बंद, दिवा बंद, फोन मुका. आतून प्राचार्य खरोखरच ठसकले.

मामा खिडकीवर परतला, तर समोरच्या कॉम्प्युटरचा पडदा लख्ख चालू. त्यावर मुलीचं नाव आणि काचेपलीकडे तिची आई. आजवर अशा किती जणींना आपण परत पाठवलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बटण दाबलं. सहीशिक्क्यासकट दाखला बाहेर आला.

बाईचे डोळे भरले. "दादा, फार उपकार झाले हो."

असलं काही मामाने नोकरीत कधी ऐकलंच नव्हतं. तो गांगरला, घसा खाकरला आणि म्हणाला, "उद्या या."

बाई दाखला छातीशी धरून जी पळाली, ती फाटकाबाहेर जाऊनच थांबली.